बाग गेली, मी राहिले

मी एक विहीर आहे. तीस हात खोल, काळ्या दगडात बांधलेली, एका अंगाला उतरायला पायऱ्या आणि दुसऱ्या अंगाला रहाट असलेली साधी विहीर. कापूरहोळहून भोरकडे जाणाऱ्या रस्त्याला वेल्ह्याच्या डोंगरातली पायवाट येऊन मिळते, तिथल्या एका बाजाराच्या गावात मी आहे. गावाचं नाव सांगत नाही. माणसं वाईट नव्हती, उगीच नाव कशाला खराब करा? आज माझ्या तोंडावर लोखंडी जाळी आहे आणि जाळीवर उसाची चिपाडं वाळत पडली आहेत. शेकडो माणसं रोज शेजारून जातात, पण वाकून कुणी बघत नाही. म्हणून आज मीच बोलते.

संस्थानचा अमल होता तेव्हाची गोष्ट. गावाच्या वरच्या अंगाला दोन एकरांचा उतार पडीक होता. कुणा अधिकाऱ्याच्या मनात आलं, इथे लोकांसाठी बाग करावी. बागेला पाणी हवं, म्हणून आधी मला खणलं. पुष्कळ दिवस नुसता दगडच लागत होता. मग एके दुपारी कपारीतून करंगळीएवढी धार सुटली. तळाशी उभा असलेल्या माणसानं ओंजळ धरली, चाखलं आणि वर तोंड करून ओरडला, "ग्वाड हाय!" माझं बारसं झालं ते एवढंच.

मागोमाग झाडं आली. चिंच, करंज, जांभूळ, कडुनिंब, बकुळ. पहिला माळी शहाणा होता. त्यानं उतारावर आडव्या चरी मारल्या आणि पडलेला पाला कधी जाळला नाही, चरीत लोटला. पाऊस त्या पाल्यात बसायचा, जमिनीत मुरायचा आणि महिनेच्या महिने थेंबाथेंबानं माझ्याकडे यायचा. लोकांना वाटे, पाणी माझं आहे. माझं काहीच नव्हतं. बाग आधी स्वतः प्यायची आणि मग मला पाजायची.

त्यानंतरचा माळी सोनबा. तो बौद्धवाड्यातला. सत्तावन्न साली वाड्यानं दीक्षा घेतली तेव्हा त्यानं घरातले जुने देव नदीत सोडले आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा बागेत कामावर आला. माळीच रोज माझ्या दोराला हात लावायचा, त्यामुळे पाणी कुणी भरायचं आणि कुणी नाही, हा तंटा माझ्या काठावर झाला नाही. ज्यांना चालत नव्हतं ते येईनासे झाले. बाकीचे येत राहिले. गावात दुसरी मोठी विहीर होती, वरच्या आळीची. तिथे मात्र बौद्धवाड्यातल्या बायांनी दोराला हात लावायचा नाही अशी जुनी रीत होती. कायदा झाला होता, पण तो तालुक्याला राहायचा.

सोनबा चौसष्ट साली काविळीनं गेला. त्याची बायको सरूबाई. पंचायतीनं तिलाच बागेच्या कामावर ठेवलं. एकुलती लेक अंजना, तिचं लग्न होऊन ती शिवऱ्याला नांदत होती. घरी गेलं तर चार भिंती, म्हणून सरूबाई दिवसभर बागेत असे. चरी उकरायची, झाडांना आळी करायची, पाणी घालायची. काम नसलं की माझ्या तिसऱ्या पायरीवर बसून बोलायची. कधी माझ्याशी, कधी सोनबाशी. मला दोन्ही सारखंच ऐकू यायचं.

माणसं विहिरीत वाकतात ती पाणी बघायला नाही, स्वतःचं तोंड बघायला. हे मला लवकर कळलं. सरूबाई तेवढी पाणी बघायची. दर वैशाखात ती पायऱ्या उतरून किती पायऱ्या पाण्याखाली आहेत ते बघून ठेवी. "सात हायती," ती म्हणे. "आवंदाबी सात." मग निर्धास्तपणे पाय सोडून बसे.

बाजाराच्या दिवशी वेल्ह्याच्या वरच्या अंगाच्या धनगरवाड्यावरून भामाबाई यायची. शेरडं विकायला आणायची, तूप आणायची. ऊन तापलं की शेरडं जांभळीखाली बसवून ती सरूबाईकडे पाणी मागायची. एकदा बाजारातल्या एका बाईनं तिला हटकलं, "तिच्या हातचं पेतीस व्हय गं?"

भामाबाईनं तोंड पुसलं. "माजी शेरडं तिच्या हातचं पेत्यात. त्यास्नी काय झालं न्हाई, मला काय धाड भरलीया?"

सरूबाई त्या दिवशी खूप हसली. नवरा गेल्यावर ती तशी हसलेली मी पहिल्यांदाच ऐकली.

सदुसष्ट साली दिवाळीनंतर बागेत माणसं जमली. सरपंच सावळाराम आबा, पंच, तालुक्याहून आलेला ओव्हरसियर आणि मोजणीची साखळी. रस्ता वाढला होता, गाड्या वाढल्या होत्या. एसटी रस्त्यातच उभी राहायची. मागच्या पावसाळ्यात एक ओली बाळंतीण चार तास गाडीची वाट बघत रस्त्यावर भिजली आणि तापानं फणफणली. तिच्या डोक्यावर पोत्याची खोळ धरून सरूबाईच उभी होती. तेव्हा गावाला गाडीतळ हवा, बाजाराला ओटे हवेत, धान्याला गोदाम हवं, यात खोटं काही नव्हतं. गावाच्या मालकीची मोकळी जागा एकच, बाग.

सरूबाई पदर खोचून पुढे आली. "तळ पायजेच. म्या न्हाई म्हनत न्हाई. पर खालच्या अंगाला करा, आबा. वरला उतार तेवडा ठिवा. हिरीचं पानी तिथनं येतंय."

ओव्हरसियर तरुण होता, उद्धट नव्हता. समजावल्यासारखं म्हणाला, "बाई, विहिरीचं पाणी झऱ्यातून येतं. बागेतून नाही."

"मंग झऱ्याला कुठनं येतं?"

माणसं हसली. ओव्हरसियरही हसला. त्यानं साखळी उचलली. जमीन सपाट करायची तर सगळीच करावी लागते, अर्धी ठेवून तळ होत नाही, असं त्याचं म्हणणं पडलं.

सावळाराम आबा सरूबाईला म्हणाले, "हिरीला कोन हात लावतंय? उलट चांगला कठडा बांधून देतो. आन् तुजं कामबी जात न्हाई. तळ झाडायला मानूस लागंलच की."

आबांनी शब्द पाळला. कठडा बांधला, चुन्यात, अगदी देखणा. माणसांना वाटतं विहीर म्हणजे खड्डा. खड्डा शाबूत असला की विहीर शाबूत.

झाडं पाडायला बारा दिवस लागले. मला दिसत नव्हतं, हादरे कळत होते. चिंच पडली तेव्हा माझ्या पाण्यावर किती तरी वेळ लाटा उठत राहिल्या. तिच्यावरच्या आग्यामाश्या उठून माझ्या कपारीत येऊन बसल्या. दोन दिवस बसल्या आणि तिसऱ्या दिवशी कुठे गेल्या ते कळलं नाही. बकुळ शेवटी पडली. त्यानंतर माझ्या तोंडावर नुसतं आभाळ उरलं. आयुष्यात पहिल्यांदा भर दुपारचं ऊन सरळ माझ्या तळापर्यंत आलं. आत दोन कासवं होती, ती दगडाच्या बेचक्यात जाऊन दडली.

सरूबाईला फांद्या गोळा करायचं काम दिलं होतं. ती फांद्या ओढत होती आणि मध्येच थांबत होती. कोंडिबा नावाचा वाड्यातला म्हातारा तिला म्हणाला, "रडतीस व्हय सरू? झाडंच हायती."

"रडत न्हाई," ती म्हणाली. "आता म्या बसायचं कुठं, त्यो इचार करतीया."

चरी मुरमानं भरल्या. वरून लोखंडी रूळ फिरवला. पुढल्या वर्षी तळावर पहिली एसटी आली तेव्हा नारळ फोडला, पेढे वाटले. सरूबाईनं पण एक पेढा घेतला. ती लबाड नव्हती. गाडीत बसणाऱ्या बाया कोरड्या होत्या, हे तिला बरं वाटत होतं.

पण आषाढात जे झालं ते कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. दोन एकरांवर पडलेल्या पावसाला मुरायला जागा उरली नाही. तो लाल होऊन गटारानं सुटला आणि उताराला खाली बौद्धवाडा होता, तिथे घुसला. कोंडिबाची मागची भिंत बसली. कणगीतले तांदूळ भिजले. इतकी वर्षं जे पाणी बागेत मुकाट बसायचं, ते आता लोकांची घरं शोधत हिंडू लागलं. सरूबाई गुडघाभर चिखलात उभी राहून पाटीनं पाणी उपसत होती. आणि मी तिथून शंभर पावलांवर होते, पण त्या पाण्यातला घोटभरही माझ्या वाट्याला येत नव्हता.

उन्हाळ्यात तळ तव्यासारखा तापायचा. माणसं उभ्या मालट्रकच्या सावलीत गर्दी करायची. ट्रक हलला की सगळी त्याच्यासोबत सरकायची, पुन्हा दुसऱ्या ट्रककडे जायची. हे मी रोज ऐकत होते. एकदा बाजारच्या दिवशी भामाबाई शेरडं घेऊन आली आणि सवयीनं जांभळीच्या जागेपाशी थांबली. थोडा वेळ उन्हातच उभी राहिली.

"सरू," ती म्हणाली, "शेरडं बसंनात गं."

"बसत्याल कशी? मानसं बसंनात."

त्यानंतर ती कमी येऊ लागली.

त्या वैशाखात सरूबाई पायऱ्या उतरली. सातच्या पाच झाल्या होत्या. पुढच्या वर्षी तीन. तिसऱ्या वर्षी एकच. शिवाय मालट्रकवाले माझंच पाणी काढून माझ्याच काठाला गाड्या धुवायचे. काळं तेल जमिनीत जिरायचं. पाऊस मुरायला जागा नव्हती, तेलाला मात्र भेगा सापडायच्या. एके सकाळी माझ्या पाण्यावर सप्तरंगी तवंग पसरला. मला स्वतःची किळस आली. सरूबाई आत उतरली, बेचक्यात हात घालून दोन्ही कासवं बाहेर काढली, पाटीत घातली, वर ओला पाला टाकला आणि डोक्यावर घेऊन दोन मैलांवरच्या नदीत सोडून आली. तेवढ्यासाठी तिचा अर्धा दिवस गेला म्हणून मुकादम तिला बोलला. ती म्हणाली, "घरातली मानसं पोचवून आले." माझ्यात त्या दोघांशिवाय जिवंत असं काही राहिलं नव्हतं. कासवं गेल्यावर मला खरं एकटेपण कळलं.

मग बहात्तर साल आलं. अवर्षणं मी आधीही पाहिली होती. कोरड्या सालातही बागेनं मला कधी उपाशी ठेवलं नव्हतं. या वेळी बाग नव्हती. मार्गशीर्षातच माझा तळ उघडा पडला. ज्या कपारीतून पहिली धार सुटली होती तिथे पांढरी माती निघाली.

वरच्या आळीच्या विहिरीला थोडं पाणी होतं. बौद्धवाड्यातल्या बाया घागरी घेऊन तिकडे गेल्या. त्यांच्यात सरूबाई होती, म्हातारी अक्काबाई होती. तिथे काय झालं ते अक्काबाईनंच नंतर माझ्या कठड्याला टेकून दुसरीला सांगितलं, तेव्हा मला कळलं.

दोर धरलेली एक बाई म्हणाली होती, "जरा लांब ऱ्हावा. आमचं होऊ द्या, मंग वाढते तुमाला."

तिनं ते रागानं म्हटलं नव्हतं. पिढ्यान्पिढ्या तसंच म्हणत आले होते. पण सरूबाईच्या हातांना, सोनबा होता तेव्हापासूनचे, पंधरा-वीस वर्षांचे दोराचे घट्टे होते. सबंध गावाला तिनं पाणी शेंदून दिलं होतं. तिनं रिकामी घागर उचलली आणि ती नदीच्या वाटेला लागली.

"सरू, रिकामी जाऊ नगं," अक्काबाई मागून म्हणाली. "पानी ते पानीच."

"पानी घेन की," सरूबाई वळून म्हणाली. "वाढलेलं न्हाई घेनार."

नदीच्या वाळूत झिरा उकरून ती दोन मैलांवरून घागर आणायची. पन्नाशी उलटलेली बाई. आठ दिवसांनी ती सरपंचांकडे गेली. आबा तळावरच, गोदामाच्या ओट्यावर दुष्काळी कामाच्या याद्या करत बसले होते. त्यांचं बोलणं मी ऐकलं.

"आबा, तुमी आमचं पानी बंद केलं न्हाई," ती म्हणाली. "आटवलं. बंद केलं असतं तर तक्रार तरी करता आली असती."

आबांनी कागद खाली ठेवला. त्यांच्या घरी वरच्या आळीचं पाणी येत होतं, आणि हे त्यांना ठाऊक होतं.

"मला काय ठावं व्हतं सरू," ते म्हणाले.

"म्या सांगितलं व्हतं."

"सांगितलंस खरं." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "आता काय करू म्हनतीस?"

"गोदामाच्या मागं उताराचा पट्टा पडून हाय. कचरा टाकत्यात तितं. दुष्काळी कामाची मानसं लावा आन् तेवड्यात चरी मारा. झाडं म्या लावते."

आबांनी काम लावलं. अर्धा एकरही नव्हता तो पट्टा. तरी चाळीस बाया खणायला आल्या. भामाबाई आली, तिच्या वाड्यावरची निम्मी शेरडं मेली होती. वरच्या आळीतली ती दोर धरणारी बाईसुद्धा आली, दुष्काळानं तिलाही पाटी उचलायला लावली होती. ती आणि सरूबाई एकाच चरीत माती ओढत होत्या. दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. चर मात्र सरळ निघाली.

त्र्याहत्तरचा पाऊस चांगला झाला. चरी भरल्या, मुरल्या, पुन्हा भरल्या. श्रावण सरता सरता माझ्या कपारीत ओल आली, मग थेंब, मग बारीक धार. मला वाटलं, मी पुन्हा जन्मले. सरूबाई रोज येऊन वाकून बघायची. तीन पायऱ्या पाणी झालं त्या दिवशी ती पोरीसारखी खाली धावली. ओंजळ भरली, तोंडाशी नेली आणि थांबली.

वास येत होता. पाणी उतारानं दिलं होतं, पण माझ्याकडे येताना ते गाडीतळाखालून आलं होतं. पाच-सहा वर्षांचं तेल त्या मातीत बसलं होतं.

तिनं ओंजळ हळूच परत माझ्यात सोडली. फेकली नाही. नंतर तिसऱ्या पायरीवर बसली. त्या दिवशी ती माझ्याशी बोलली नाही, सोनबाशीही बोलली नाही. वर गाड्यांच्या घंट्यांवर घंट्या वाजत होत्या, कुणी कापूरहोळ, कापूरहोळ म्हणून ओरडत होतं.

पंचाहत्तर साली नदीवर पंप बसला आणि गावात नळ आला. एक नळकोंडाळं बौद्धवाड्यातही झालं. तिथे कुणी कुणाला वाढायचं नव्हतं, तोटी फिरवली की पाणी. सरूबाई खूश झाली आणि मीही झाले, खरं सांगते. मात्र त्या दिवसापासून माझी गरज संपली. रहाट मोडला, तो कुणी जळणाला नेला. एक शेरडू आत पडलं म्हणून जाळी बसवली. जाळीतून विड्यांची थोटकं येतात, फाटकी तिकिटं येतात. एकदा एका पोरीची रंगीत रिबीन आली. ती अजून माझ्याजवळ आहे.

सरूबाईचे गुडघे गेले. झाडू हातात धरवेना. सत्त्याहत्तरच्या चैत्रात अंजना तिला शिवऱ्याला न्यायला आली. निघताना सरूबाई कठड्याशी आली, जाळीला तोंड लावून म्हणाली, "येते गं." आणखी काही म्हणणार होती, पण गाडी सुटायची वेळ झाली होती. अंजनानं तिचा दंड धरला.

आता गाडीतळ वाढवायचा आहे. परवा पंचायतीची माणसं येऊन गेली. माझ्यात दगडमुरूम भरायचा, वर फरशी घालायची, असं ठरलं आहे. दगडाचा एक ढीग येऊनही पडला आहे. माझी तक्रार नाही. ज्या विहिरीचं पाणी कुणी पीत नाही, तिनं जागा अडवून तरी काय करायचं? एकच मागणं आहे. तुमच्या गावात लोकांची बाग असेल आणि एखाद्या दिवशी ती मोजायला माणसं आली, तर साखळी उलगडण्याआधी तिला पाणी घालणाऱ्या माणसाला चार शब्द बोलू द्या. आणि तो बोलला तर हसू नका.

आणि आणखी एक. शिवऱ्याकडे जाणारी गाडी माझ्या अगदी समोरून सुटते. तुम्ही कधी त्या गाडीनं गेलात, तर तिथे रस्त्याकडेला उन्हाला बसलेली एक म्हातारी तुम्हाला विचारील, "त्या तळावनं आलासा व्हय? हीर कशी हाय तितली?" ती प्रत्येकाला विचारते, असं इथले वाहक आपसांत बोलतात. तिला मला बुजवल्याचं सांगू नका. पाणी चांगलं झालंय असंही सांगू नका, ती तसल्या गुडघ्यांनी चालत निघेल. नुसतं म्हणा, गाडी पकडायच्या घाईत होतो, बघायचं राहून गेलं. ते तिला लगेच पटेल.